तंजावर भर दुपारी दाखवू नका
दक्षिण दर्शनाच्या सहली काढणाऱ्या मराठी सहल कंपन्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मदुराई ते तंजावर सुमारे १९० किलोमीटर. नाष्टा उरकून, बॅगा मोजून, मागे राहिलेल्या दोन काकांची वाट पाहून गाडी सव्वाआठला हलते. वाटेत एकदा चहा आणि 'जाऊन या'. म्हणजे तंजावरला बारा-सव्वाबारा. हे गणित मांडायला भूगोलाची शिक्षिका लागत नाही. मी तीस वर्षं भूगोल शिकवला, म्हणून मला ते जरा आधी दिसलं, इतकंच. दुपारची पूजा आटोपली की बृहदीश्वराचा गाभारा बंद होतो आणि चारच्या सुमाराला उघडतो. म्हणजे तुमची गाडी तिथं बरोबर अशा वेळी पोचते, जेव्हा देव झोपलेला, गाव झोपलेलं आणि फक्त फरसबंदी जागी असते.

ही फरसबंदी काय चीज आहे, ते सोबत आलेल्या पंचेचाळीस जणांना विचारा. चपला बाहेर. आमच्या टूर मॅनेजरनं आदल्या रात्री सांगितलं होतं, "उद्या सगळ्यांनी मोजे घाला." मोजे घालून आम्ही सगळे टाचांवर, मग चवड्यांवर, असे नाचत नंदीपर्यंत गेलो. तिथं सावली होती म्हणून सगळा ग्रुप नंदीच्या मंडपाला चिकटला. गाइडनं सांगितलं, की हे शिखर असं बांधलंय की त्याची सावली जमिनीवर पडत नाही. सगळ्यांनी माना वर करून "अरे वा!" केलं, फोटो काढले आणि पळत गाडीत येऊन पाय पंख्याखाली धरले. पावणेदोनला जेवण. साडेतीनला कुंभकोणममधून जाताना मॅनेजर माइकवर म्हणाला, "डाव्या हाताला बघा, महामहम तलाव." डावीकडच्यांनी पाहिला. मी उजवीकडे होते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. तुमच्यापैकी पाच-सहा जणांची पत्रकं मी नंतर शेजारीशेजारी ठेवून वाचली. तारखा आणि दर सोडले तर सगळी एकाच साच्यातली. त्यामुळे ही तक्रार एकाची नाही, साच्याची आहे.

मी नाशिकची, पंचवटीतली. आमच्याकडे 'नाशिक, त्र्यंबक, शिर्डी एका दिवसात' अशा गाड्या येतात. माणसं रामकुंडावर उतरतात, रिक्षात बसून काळाराम आणि सीतागुंफा उरकतात, तपोवनात फोटो काढतात आणि तासा-दोन तासांत गायब होतात. लहानपणापासून आम्ही त्यांना हसत आलो. "नाशिक पाहिलं म्हणे!" तंजावरच्या त्या नंदीपाशी एका पायावर उभं असताना माझ्या लक्षात आलं, की आता मीच त्या गाडीतून उतरलेली आहे.

म्हणून तीन वर्षांनी मी आणि माझी जाऊ, दोघीच परत गेलो. जानेवारीअखेर, कुंभकोणमला, सहा दिवस. कुंभेश्वराच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. घरमालकीण सत्तरीच्या. तिकडे अशा बाईला 'मामी' म्हणतात, आपल्याकडेही तेच, त्यामुळे हाक मारण्याचा प्रश्न पहिल्याच मिनिटाला सुटला. बाकीची भाषा हातवारे, थोडं इंग्रजी आणि मला येणारे अकरा तमिळ शब्द.

पहिल्या दिवशी आम्ही जुन्या सवयीनं साडेअकराला 'देवळं करायला' निघालो. मामींनी जिन्यातच अडवलं आणि तळहात एकमेकांवर मिटून दाखवला. "नडै सात्तियाच्चु." कवाडं लागली. अजून वेळ होती, पण त्यांच्या हिशेबानं आम्ही पोचेपर्यंत लागलीच असती. मग विचारलं, "साप्टींगळा?" जेवलात का? आणि जेवून झोपा, अशी खूण केली. आम्ही झोपलो. जावेचं म्हणणं, गेल्या चाळीस वर्षांत सहलीला गेल्यावर दुपारी झोपल्याचं तिला आठवत नाही.

त्या दिवसापासून मला गावाचं वेळापत्रक कळायला लागलं, आणि हे पत्र खरं तर त्या वेळापत्रकासाठीच लिहितेय.

तिथला दिवस पहाटे पाचला सुरू होतो. दारासमोर पाण्याचा सडा पडतो आणि त्यावर तांदळाच्या पिठाचा कोलम. आपल्या रांगोळीसारखे आधी ठिपके, पण रेघ ठिपक्यांना जोडत नाही, त्यांना वळसे घालत फिरते. मामींची सून सव्वा मिनिटात तो काढायची आणि नंतर त्याच्याकडे वळूनही बघायची नाही. सात वाजेपर्यंत त्यावरून दोन स्कूटर गेलेल्या असत. साडेपाचला कोपऱ्यावर कॉफी. पितळेचा पेला आणि त्याखाली पितळेचीच वाटी, तिला दवरा म्हणतात. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात असं उंचावरून ओतलं की फेस येतो आणि कॉफी पिण्याजोगी निवते. 'कुंभकोणम डिग्री कॉफी' या नावातली डिग्री कुठली, यावर मला दोन दिवसांत दोन माणसांनी दोन उत्तरं दिली. एकाच्या मते ती दूध मापायच्या काट्यावरची, दुसऱ्याच्या मते चिकोरी शब्दाची मोडतोड. दोघंही ठाम होते. तुम्ही मात्र आमच्यासाठी सोबत आचारी नेता आणि कुंभकोणमच्या हद्दीत आम्हाला साखर-आल्याचा चहा पाजता. तो चहा चांगला होता, खोटं कशाला बोलू.

सकाळी सहा ते बारा देवळं. मग चार तास शुकशुकाट. पितळेच्या दुकानांची फळकुटंसुद्धा अर्धी लागलेली. चारनंतर गाव पुन्हा डोळे उघडतं आणि रात्री नऊपर्यंत जे चालतं, त्यासाठी तिथं जायचं असतं. तुमची गाडी त्या वेळी चिदंबरमच्या नाहीतर पाँडिचेरीच्या रस्त्यावर असते.

संध्याकाळी फुलवालीकडे जाऊन पाहा. तिथं गजरा वजनावर नाही, नगावर नाही, हातावर मिळतो. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक 'मुळम'. बाई वेणीचं टोक बोटांत धरते, कोपराला वळसा देते, पुन्हा बोटांशी आणते. एक, दोन. आमच्या जावेनं पहिल्याच संध्याकाळी सगळ्या फुलवाल्यांवरून नजर फिरवली आणि शेवटच्या टोकाला बसलेल्या उंच बाईकडे चालत गेली. "हिचा हात लांब आहे," म्हणाली. सहाही दिवस तिच्याकडूनच घेतला. माणूस गावात दुसऱ्यांदा गेला की गिऱ्हाईक होतो. तुमच्या सहलीत कुणी कुठं दुसऱ्यांदा जातच नाही.

सारंगपाणीचं देऊळ विष्णूचं. त्याचं अकरा मजली गोपुर लांबूनही दिसतं, ते तुमचे गाइड दाखवतात. आत गाभारा दगडी रथाच्या आकाराचा आहे, चाकं, घोडे, हत्ती सगळं दगडाचं. आणि त्याला आत जायचे दोन दरवाजे आहेत, एक उत्तरायणाचा, दुसरा दक्षिणायनाचा. सूर्य उत्तरेकडे सरकत असेल तेव्हा पहिला उघडा, दुसरा बंद; सहा महिन्यांनी उलट. भूगोलाच्या तासाला फळ्यावर पृथ्वी तिरकी काढून मी हे मुलांच्या कितीतरी पिढ्यांना समजावलं. इथं लोक दारातून आत जाता जाता ते पाळतात. आम्ही उत्तरायणाच्या दारानं गेलो. दक्षिणायनाचं दार बघायला आषाढानंतर यावं लागेल.

त्याच देवळासमोरच्या रस्त्यावर एक लहानसं कौलारू घर आहे. रस्त्याला लागून ओटा, त्याला तिथं तिण्णै म्हणतात, आणि आतल्या खोलीत रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. श्रीनिवास रामानुजन यांचं घर. जन्म १८८७ चा, ईरोडला. पण वाढले इथं, शाळा इथली. संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा एक वडील आपल्या मुलीला खिडकीशी उभं करून फोटो काढत होते, आणि ती मुलगी काही केल्या हसत नव्हती. तुमच्या बसमधून हे घर दिसणार नाही. बस त्या रस्त्यात शिरतच नाही.

आता रामस्वामी मंदिराचं. नाशिककरणीनं रामाच्या देवळाबद्दल लिहिल्याशिवाय कसं राहावं! नायक राजांच्या काळातलं देऊळ, खांबाखांबावर कोरीव काम. आत राम-सीता एकाच आसनावर बसलेले, राज्याभिषेकाच्या थाटात. आमच्या काळारामापुढचा मारुती हात जोडून उभा; इथला एका हातात वीणा धरून रामायण वाचत बसलाय. मी बराच वेळ त्याच्यापुढे थांबले. बाहेरच्या प्राकाराच्या भिंतीवर सगळं रामायण रंगवलेलं आहे, एकावर एक अशा ओळींत, आणि ते पुरं वाचायचं तर तीन प्रदक्षिणा घालाव्या लागतात, असं तिथली माणसं सांगतात. खालचा मजकूर तमिळ. आम्ही दोघी चित्रांवरून गोष्ट लावत चाललो आणि आमची पंचवटी कुठं येते ते शोधायला लागलो. दुसऱ्या फेरीत नाक कापलेली बाई सापडली. जाऊ एवढ्या मोठ्यानं "अगो, आपलं नाशिक!" म्हणाली, की पुढं चाललेल्या आजोबांनी वळून पाहिलं. त्यांना बोटानं चित्र दाखवलं, मग स्वतःकडे बोट केलं. त्यांना काय कळलं असेल, रामच जाणे.

हे सगळं सावकाश सांगतेय, कारण सावकाशच झालं.

तंजावरला आम्ही चौथ्या दिवशी गेलो. कुंभकोणमपासून चाळीस किलोमीटर, साध्या बसनं. मुद्दाम दुपारी अडीचला निघालो. सव्वाचारला बृहदीश्वराच्या अंगणात पाय ठेवला तेव्हा दगड कोमट होता. पाच वाजता ऊन तिरपं झालं आणि ६६ मीटर उंच शिखराची सावली अंगणात लांबच लांब पसरली होती. त्यात मुलं पकडापकडी खेळत होती. आमच्या त्या गाइडला फोन करून सांगावं असं वाटलं, पण नंबर नव्हता.

हे देऊळ पहिल्या राजराज चोळानं बांधलं आणि १०१० मध्ये पुरं केलं, हे तुमचे गाइड सांगतात. जोत्यावर आणि आवाराच्या भिंतींवर जे लेख कोरलेत, त्यांत काय आहे हे मात्र सांगत नाहीत. देवळात नेमलेल्या चारशे नर्तकींची नावं आहेत, कुठून आणल्या आणि कुणाला कुठल्या ओळीतलं कितवं घर दिलं ते आहे. हजार वर्षांपूर्वीची पत्त्याची वही! कुठल्या दिव्याला तूप कुठून यायचं, तेही. आमच्या ग्रुपमध्ये दोन निवृत्त तलाठी होते. त्यांना हे सांगितलं असतं तर ते गाडीत बसायला तयार झाले नसते.

आणि ज्या गोष्टीसाठी मला सगळ्यात जास्त राग आला, ती अशी. त्याच देवळाच्या नैर्ऋत्येच्या ओवरीत, भिंतीवर, मराठी आहे. देवनागरीत. तंजावरच्या मराठी गादीवरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा सगळा इतिहास दगडात कोरून घेतला, बाबुराव चिटणीसांकडून लिहवून. ओळींमागून ओळी, भिंतीच्या भिंती. मी बोट हवेत धरून अक्षरं लावत होते आणि जाऊ मागून म्हणत होती, "पुढं वाच." पंचेचाळीस मराठी माणसांना तुम्ही महाराष्ट्रातून हजारभर किलोमीटर आणलंत, त्या लेखापासून शंभर-दीडशे पावलांवर उभं केलंत आणि सावली पडत नाही हे सांगून परत नेलंत. त्या वेळी दुपार होती, पाय भाजत होते, हे मला मान्य आहे. माझं म्हणणं तेच तर आहे.

बसमध्ये तंजावरच्या मराठ्यांबद्दल एकच गोष्ट सांगितली गेली, सांबाराची. संभाजीराजांच्या सन्मानार्थ आमटीत चिंच घातली आणि झालं सांबार. गोष्ट गमतीची आहे, पुरावा काही नाही. त्याऐवजी एवढं सांगा, की व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तिथं गादी स्थापली आणि १८५५ मध्ये ती खालसा झाली, म्हणजे पावणेदोनशेहून जास्त वर्षं. सरस्वती महाल ग्रंथालय दाखवा, जिथं सरफोजीराजांनी जमवलेली हस्तलिखितं आहेत, मराठी पोथ्या आहेत, मोडी कागदांचे रुमालात बांधलेले गठ्ठे आहेत. आणि सांगा, की तिथली हरिकथा आपल्या कीर्तनावरून घडली. तमिळ भागवतर, म्हणजे तिथले कथेकरी, साकी आणि दिंडी ही आपली वृत्तं गातात, अभंग गातात. कुंभकोणमजवळ गोविंदपुरमला विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ आहे, शिखर आपल्याकडच्या धाटणीचं. तिथं आम्हाला एक तमिळ मुलगा भेटला, एकही मराठी वाक्य न येणारा, आणि त्यानं तुकोबांचा अभंग पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. उच्चार तमिळ, चाल तिथलीच. त्या रात्री मला झोप लागली नाही. असो.

तुम्ही म्हणाल, ताई, लोकांनाच घाई असते. बुकिंगला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "एकूण ठिकाणं किती?" कमी सांगितली तर शेजारच्या ऑफिसात जातो. खरंय. मीही विचारलं होतं. आणि घाई आपलीच मक्तेदारी आहे असंही नाही. कुंभकोणमहून नवग्रहांची नऊ देवळं एका दिवसात फिरवून आणणाऱ्या सरकारी बसमध्ये सगळी तमिळच माणसं भरलेली असतात. पण ते घरचे आहेत, पुढच्या वर्षी परत येतील. आपला माणूस आयुष्यात एकदा जातो.

म्हणून मागणं साधं आहे. दक्षिण दर्शनात कुंभकोणमला तीन रात्री मुक्काम ठेवा. मदुराईहून निघालेली गाडी दुपारी थेट हॉटेलवर न्या आणि लोकांना झोपू द्या. तिथून तंजावर चाळीस किलोमीटर, दारासुरम चार, स्वामीमलै आठ. रोज बॅगा उचलायच्या नाहीत, हे ज्येष्ठांना केवढं मोठं सुख आहे, ते तुमच्या मॅनेजरांना विचारा. बॅगा मोजायचं काम त्यांचंच. गाडी रिकामी उभी राहील, डिझेल वाचेल. ठिकाणं कमी होतील. कुठली गाळायची विचाराल, तर रस्त्यावरचे ते दोन-दोन तासांचे 'खरेदी थांबे' आधी गाळा. चाळीस मिनिटं चाललेलं साड्यांचं प्रवचन माझ्या अजून लक्षात आहे.

स्वामीमलैला लोक मुरुगनाचं, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचं, देऊळ पाहायला जातात. साठ पायऱ्या, तमिळ पंचांगातल्या साठ संवत्सरांच्या. ते पाहाच, पण खाली ओतकाम करणाऱ्यांच्या कारखान्यात एक सकाळ घालवा. आधी मेण, डिंकासारखी एक राळ आणि शेंगदाण्याचं तेल एकत्र करून मूर्ती घडवतात. माप घ्यायला फूटपट्टी नाही. नारळाच्या पानाची अरुंद पट्टी घेतात, तिला मूर्तीच्या उंचीएवढी करून घड्या घालतात आणि त्या घड्यांवर चेहरा, मान, छाती, गुडघा बसवतात. मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या गाळाची माती लेपतात, वाळल्यावर तापवतात, मेण वितळून बाहेर पडतं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. साचा फोडल्याशिवाय मूर्ती निघत नाही, म्हणजे एका साच्यातून एकच. दिल्लीत २०२३ मध्ये जी-२० परिषदेसाठी भारत मंडपमसमोर जो २७ फुटी नटराज उभा राहिला, तो इथल्याच हातांनी केलेला. आम्ही गेलो तेव्हा एक तरुण पार्वतीच्या केसांसाठी मेणाचे दोरे वळत होता, शेवयांएवढे बारीक. तासाभरात त्यानं एका बाजूचे केस पुरे केले. आम्ही तासभर बसलो होतो, तो एकदाही आमच्याकडे बघून हसला नाही, आणि मला ते आवडलं.

खरेदीच करायची तर कुंभेश्वराजवळच्या भांड्यांच्या आळीत करू द्या. तिथं रसम करायचं कथलाचं भांडं मिळतं, त्याला 'ईय चोंबु' म्हणतात. दुकानदारानं तीन वेळा तमिळमध्ये, दोन वेळा इंग्रजीत आणि एकदा खुणेनं सांगितलं, की रिकामं विस्तवावर ठेवायचं नाही, आधी आत पाणी. आम्ही माना डोलावल्या. नाशिकला आल्यावर तिसऱ्या दिवशी जावेनं फोडणी करायला म्हणून ते गॅसवर ठेवलं, आणि मोहरी आणायला वळली तेवढ्यात बूड वितळून बर्नरवर सांडलं. तो गोळा तिनं अजून जपून ठेवलाय.

जेवणाबद्दल थोडं. तुमच्या आचाऱ्यांना माझा नमस्कार, कन्याकुमारीला त्यांनी केलेलं पिठलं मी विसरणार नाही. पण तीन रात्रींपैकी एका दुपारी तरी लोकांना केळीच्या पानावर बसवा. आणि रविवार असेल तर सकाळी इडलीबरोबर 'कडप्पा' मागा. नावानं दचकू नका, फरशीशी संबंध नाही. बटाटा, मूगडाळ आणि वाटलेलं खोबरं घातलेली पातळ भाजी, तंजावर-कुंभकोणम पट्ट्यातली. तिकडे पोळी मागितलीत तर मात्र पुरणपोळी येईल.

आपल्याच सरफोजीराजांचं उदाहरण देते, म्हणजे मी तमिळांची बाजू घेते असं कुणाला वाटायला नको. तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रं बांधली. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र एकत्र. ओरथनाडचं मुक्तांबाळ छत्र आजही उभं आहे. इंग्रजांनी ही छत्रं आपल्या ताब्यात घेऊ नयेत, म्हणून राजांनी १८०१ मध्ये रेसिडेंटला एक पत्र लिहिलं आणि तिथं काय काय होतं ते कळवलं. कुठल्याही जातीच्या वाटसरूला जेवण, शिकवायला पंतोजी, आजारी पडला तर वैद्य आणि बरा होईपर्यंत मुक्काम. आणि मध्यरात्री एक घंटा वाजवायची. झोपेमुळे किंवा आणखी कशानं कुणाचं जेवायचं राहिलं असेल, तर त्यानं उठून यावं म्हणून. तुमच्या गाडीत माइकवर वाजतं, "पंधरा मिनिटांत जेवून घ्या, पुढं उशीर होतोय." दोन्ही व्यवस्था मराठीच.

आता पुढचं, आणि हे तातडीचं. गुरू सिंह राशीत आला की आमच्याकडे सिंहस्थ भरतो. गुरू त्याच सिंह राशीत असताना, तमिळ मासी महिन्याच्या पौर्णिमेला मघा नक्षत्र आलं की कुंभकोणमला महामहम. 'महम' म्हणजे आपली मघाच. मागचा २२ फेब्रुवारी २०१६ ला झाला, आता २०२८ मध्ये. नऊ नद्या त्या दिवशी त्या तळ्यात येतात असं मानतात. तळ्याच्या काठच्या काशी विश्वनाथाच्या देवळात त्या नऊ जणी ओळीनं उभ्या आहेत, आणि त्यांत गोदावरी आहे. आमची! मी तिला रामकुंडावर रोज बघते, तिथं ती लुगडं नेसून उभी होती, हळदी-कुंकू वाहिलेली.

तुम्ही नाशिकच्या सिंहस्थापाठोपाठ महामहमच्याही सहली काढणार, हे उघड आहे. काढा. पण ऐन पर्वणीच्या दिवशी साठी ओलांडलेली माणसं गाडीत भरून त्या तळ्यावर नेऊ नका. तळं सहा एकरांचं, भोवती दगडी पायऱ्या आणि सोळा मंडप, आणि एका दिवसात लाखो माणसं. १९९२ च्या महामहमला चेंगराचेंगरीत पन्नासच्या आसपास माणसं गेली. आमच्या नाशकानं २००३ मध्ये तेच पाहिलंय. सरदार चौकाच्या बाजूनं जाताना माझी पावलं अजून भरभर पडतात. चार-सहा आठवडे आधी न्या किंवा नंतर न्या. तळं तिथंच असतं. साध्या संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा पायऱ्यांवर कॉलेजची पोरं अभ्यासाच्या नावाखाली बसली होती आणि एक बाई डबा उघडून माशांना मुरमुरे टाकत होती.

शेवटच्या रात्री मामींनी आम्हाला नऊच्या आत कुंभेश्वराला धाडलं. शेजारती म्हणा, तिथं तिला अर्धजामम म्हणतात. एवढ्या मोठ्या देवळात वीस-पंचवीस माणसं. नादस्वरम आणि तविल, म्हणजे तिकडची सनई आणि ढोल, लांब दगडी ओवरीत घुमणारे. लहानशी पालखी शेजघराकडे निघाली, मागून आम्ही सगळे. खांद्याला पालखी लावलेल्या चौघांपैकी एकानं दिवसभर आम्हाला कोपऱ्यावर कॉफी पाजली होती. आता उघड्या अंगावर भस्माचे पट्टे, आणि ओळख देण्यापुरती मान हलवली. शेजघरात पूजा झाली, दार लागलं, हातावर पळीभर साखर घातलेलं कोमट दूध मिळालं. बाहेर पडेपर्यंत मागचे दिवे एकेक करून विझत होते, आणि पुजाऱ्यानं मोठ्या कवाडाच्या दिंडीला अडसर लावला तो आवाज रस्त्यावर ऐकू आला.

तुमच्या पत्रकात ही वेळ 'रात्रीचे जेवण व विश्रांती' अशी छापलेली असते.

पुढच्या हंगामाच्या पत्रकात कुंभकोणम तीन रात्री दिसलं, तर दोन जागा आमच्या धरा. खोली तळमजल्यावर हवी, जावेचे गुडघे दुखतात. आणि भांड्यांच्या आळीत अर्धा तास जास्त लागेल.

आपली,
पंचवटी, नाशिक येथील एक निवृत्त शिक्षिका